इंजिन सुरू करताना

देवबागेत फ्रेंच येणारी मी एकटीच. ह्या भाषेचा गावाला माझ्याकडून एकदाच उपयोग झाला, आणि तो झाला नसता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

म्हापशाच्या एका शाळेत मी अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवत होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भाड्याची खोली सोडली आणि धाकट्या भावाकडे परत आले. आमच्या वडिलांच्या माडाच्या बागेत त्याने चार खोल्यांचा होमस्टे बांधला होता. समोर समुद्र, मागे खाडी. पाहुण्यांना फिरवायला एक फायबरची होडी होती. होमस्टेतली एक मागची खोली त्याने मला दिली. फ्रेंच पाहुणे आले की मी त्यांच्याशी बोलायचं, सोलकढी म्हणजे काय ते सांगायचं, सकाळच्या चहाला त्यांच्याबरोबर बसायचं, असं न ठरवता ठरलं. गावात मला सगळे 'टीचर' म्हणत. भाऊ तेवढा 'बाय' म्हणायचा.

पुढे जे झालं ते कळायला थोडं व्याकरण सांगावं लागेल. त्याला इलाज नाही, कारण सगळं त्यावरच फिरलं.

फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या शेवटी 'आं' असा नाकातला आवाज जोडून एक रूप तयार होतं. 'देमारे' म्हणजे सुरू करणं; 'देमारां' म्हणजे सुरू करत असलेला, सुरू करणारा. हे रूप ज्या नामाला लागून येतं त्याचं होतं. पण त्याच्या अगोदर 'आँ' हा एवढासा शब्द आला, की ते शेजारच्या नामाला सोडतं आणि थेट वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटतं. आपल्याकडे असं काही नाही. 'मी बहिणीला चर्चमधून येताना पाहिलं', हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहायची आणि विचारायची, चर्चमधून कोण येत होतं? अर्धा वर्ग म्हणायचा बहीण, अर्धा म्हणायचा मी. मग मी सांगायची की मराठीत दोन्ही बरोबर, कोंकणीतही तेच, पण फ्रेंच माणूस असा गोंधळ ठेवत नाही. 'आँ' असेल तर मी येत होते, नसेल तर बहीण. एकदा एक मुलगी म्हणाली, "टीचर, दोघी बरोबरच येत असतील ना." सगळे हसले. मी हसले नाही. पेपरात तो 'आँ' विसरलेल्यांचा अर्धा गुण मी कापायची, आणि पालक विचारायला आले तर अर्थ उलटा होतो हो, असं ठणकावून सांगायची.

आता ती दोन माणसं. भावाची होडी चालवायला शेजारच्या वाडीतला एक तांडेल होता. चाळिशीचा, फार न बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याबरोबर खलाशी म्हणून जायचा; वयात दहा वर्षांचं अंतर, आणि वडील लवकर गेल्यामुळे थोरल्यानेच त्याला वाढवलेलं. त्यांची आई दोघांबरोबर एकाच घरात राहायची. म्हातारी सकाळी आमच्या अंगणातून सुकी झावळं गोळा करून न्यायची आणि जाता जाता माझ्या खोलीच्या पायरीवर टेकायची. तिला माझं फ्रेंच ऐकायला आवडायचं. "बोल गो कायतरी," म्हणायची, आणि मी एखादं वाक्य बोलले की तोंडावर पदर धरून हसायची.

चार वर्षांपूर्वी, डिसेंबरात, एक फ्रेंच जोडपं आठ दिवसांसाठी आलं. दोघंही साठीच्या आसपासची. तो कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झालेला, यंत्रांची आवड असलेला. ती शांत, सतत वहीत काहीतरी लिहिणारी. त्याला होडीचं इंजिन फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बाजूला, इंजिनाच्या शेजारीच बसू लागला. तांडेलाने एकदोनदा त्याला हँडल धरू दिलं. मी भावाला म्हटलं, हे बरं नाही. भाऊ म्हणाला, "पावण्यांका नाय म्हणाचा नाय, बाय. तो खुशीत आसा तर आमी खुशीत." तांडेलालाही त्याने तसंच सांगून ठेवलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी ती दोघं आणि हे दोघे भाऊ खाडीत गेले. मी होडीत नव्हते. जे सांगते ते नंतर कळलेलं आहे. परत येताना जुन्या जाळ्याचा एक तुकडा इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला गेला आणि इंजिन बंद पडलं. होडी वाहून जाऊ नये म्हणून नांगर टाकला. धाकटा कोयती घेऊन पाण्यात उतरला आणि जाळं कापू लागला. ते सुटत आलं तसा तांडेल नांगर वर घ्यायला होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर गेला. मागे इंजिनापाशी तो फ्रेंच गृहस्थ एकटाच होता. त्याला वाटलं, काम झालं. त्याने काहीतरी ओरडून सांगितलं आणि इंजिनाची दोरी ओढली.

मी किनाऱ्यावरून ऐकलं ते फक्त ओरडणं. मग होडी आली. धाकट्याला चादरीत घालून उचलला, आधी मालवणला आणि तिथून गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात नेला. डावा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. तांडेल त्याच्याबरोबर गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिथून थेट पोलिसांनी बोलावलं म्हणून परत आला, अंगावर तोच शर्ट.

मालवणच्या पोलीस स्टेशनात फ्रेंच नवऱ्याने हवालदाराला माझ्यामार्फत एवढंच सांगितलं की सगळं फार पटकन झालं, मला काही आठवत नाही. बायको म्हणाली, मी लिहून देते. हवालदाराने तिला कोरा कागद दिला. ती बाकावर बसून पाऊण पानभर लिहीत होती. मग हवालदार मला म्हणाला, "मॅडम, ह्याचं मराठी करून खाली सही करा. साक्षांकित भाषांतर म्हणून लावतो."

मी वाचलं. सरळ, स्वच्छ लिहिलं होतं. पाणी शांत होतं, खलाशी पाण्यात उतरला होता, जाळं सुटत आलं होतं. आणि मग ते वाक्य. मला ते पाठ आहे. 'मों मारी आ प्रेव्हनी ल बातलिये आँ देमारां ल मोतर.' माझ्या नवऱ्याने इंजिन सुरू करताना होडीवाल्याला सावध केलं. 'आँ' तिथे होता. सुरू करणारा नवरा होता. ती बाई नवऱ्याची बाजूच मांडत होती. त्याने न सांगता दोरी ओढली नाही, आधी हाक दिली, एवढंच तिला सांगायचं होतं. आपण कोणी काय केलं ते लिहून देतोय, हे तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नसावं.

मी पेन घेतलं तेवढ्यात भाऊ आत आला आणि म्हणाला, बाय, जरा भायर ये.

बाहेर बदामाच्या झाडाखाली त्याने मला उभं केलं. घामाघूम झाला होता.

"काय लिवल्यान तिणा?"

मी सांगितलं.

त्याने रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाला, "बाय, ही माणसा उद्यां जातली. ह्येंका अडकवलंस तर सगळ्या पेपरांत येतला. देवबागेत पावण्याक पोलिसांच्या ताब्यात देतत काय, असा इचारतले. आणि पावण्याच्या हातात मशीन दिला म्हटल्यार माझो परवानो गेलो. मग तू खंय ऱ्हवतलंस, मी खंय ऱ्हवतलंय?"

"आणि तांडेल?"

"तांडेलाक आमी बगू," तो म्हणाला. "तो आपलोच आसा."

मी आत गेले. मराठी केलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ते अचूक होतं. त्या वाक्याचं मी असं लिहिलं: 'माझ्या पतीने होडीवाल्यास इंजिन सुरू करताना सावध केले.' फ्रेंच वाक्यातला शब्दांचा क्रमही मी पाळला, होडीवाला आधी, सुरू करणं नंतर. 'त्यांनी स्वतः' हे दोन शब्द घातले असते तर काम झालं असतं. मला ते सुचले नाहीत असं नाही. पेन कागदावर टेकवून मी थांबले होते, ते त्याच शब्दांपाशी.

हवालदाराने वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं. चांगला माणूस होता, कामाने थकलेला. त्याने विचारलं, "म्हणजे होडीवाला इंजिन सुरू करत होता आणि ह्यांनी त्याला सावध केलं. बरोबर ना?"

मी म्हटलं, "लिहिलंय तसंच आहे."

त्याने शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गोव्याच्या विमानतळाकडे निघाली. बाईने माझे दोन्ही हात धरून विचारलं, नवऱ्याने सावध केलं होतं हे नीट लिहिलंत ना? मी हो म्हटलं. नवरा गाडीत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला आजही वाटतं, त्याला सगळं आठवत होतं.

तांडेलाने जबाबात सांगितलं की मी नाळीवर होतो, नांगर ओढत होतो, इंजिनाला माझा हात लागलेला नाही. पण लेखी कागद त्याच्या विरुद्ध होता. आणि त्याहून वाईट म्हणजे धाकट्याचं बोलणं. गोव्याला शुद्धीवर आल्यावर पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी पाण्याखाली वाकलो होतो, मला काही दिसलं नाही. पण थोरल्याचा आवाज ऐकला आणि लगेच इंजिन सुरू झालं. आवाज थोरल्याचा होताच. तो त्या गोऱ्याला 'नको, नको' म्हणून ओरडत होता. पाण्यात शब्द कळले नाहीत, आवाज तेवढा कळला.

तरीही धाकटा भावावर रागावला नव्हता. चूक झाली असेल, इतकंच म्हणत होता. पण थोरला म्हणायचा, मी केलंच नाही. ह्या 'केलंच नाही'ने सगळं बिघडवलं. भावाचा पाय गेला आणि हा स्वतःची कातडी वाचवतो, असं धाकट्याच्या बायकोने म्हटलं, मग वाडीने म्हटलं, आणि शेवटी धाकट्यानेही. घरात दोन चुली झाल्या. अंगणाच्या मधोमध चिऱ्यांची भिंत उभी राहिली. म्हातारी भिंतीच्या धाकट्याच्या बाजूला राहिली, कारण तिथे अधू माणूस होता.

ती एक दिवस माझ्याकडे आली. झावळं गोळा करायला नव्हे. पायरीवर बसली नाही, सरळ खोलीत आली आणि कमरेची पिशवी सोडून घडी केलेला एक कागद काढला. माझ्याच भाषांतराची झेरॉक्स होती. थोरल्याच्या वकिलाने दिलेली.

"टीचर, त्या गोऱ्या बायलेन काय लिवल्यान ता माका वाचून दाखव गो. थोरलो झील सांगता तसा आसा, का धाकटो सांगता तसा, माका बगूचा आसा."

मी वाचून दाखवलं. त्या वाक्यापाशी आले तसं सावकाश वाचलं. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. ती मान कलती करून ऐकत होती.

"थांब," ती म्हणाली. "परत वाच."

मी परत वाचलं.

"चालू करताना," ती म्हणाली. "म्हणजे कोण चालू करताना?"

सबंध पोलीस स्टेशनात, वकिलाच्या ऑफिसात, कोणी हा प्रश्न असा सरळ विचारला नव्हता. मी आयुष्यभर मुलांना हाच प्रश्न विचारत आले होते. बाहेर भाऊ नवीन पाहुण्यांना खोली दाखवत होता, त्याचं हसणं ऐकू येत होतं.

"तसा त्यात लिवलेला नाय," मी म्हटलं.

"तुका कळता मा त्येंची भाषा? मूळ कागदात तरी असतला."

"माका आता आठवणा नाय," मी म्हटलं.

तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि उठली. दारात वळून म्हणाली, "तू शिकलेली आसंस, तुका आठवणा नाय म्हटल्यावर आमका कोण सांगतलो?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की आता कोणाकडे जायचं.

त्यानंतर ती माझ्याकडे फ्रेंच ऐकायला आली नाही. मी चर्चला जायची, कुमसारालाही बसायची. पाद्रीच्या जाळीपुढे गुडघे टेकून रागावल्याचं, आळसाचं, बारीकसारीक सगळं पाप सांगायची. हे सांगितलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा थोरल्याने गुन्हा कबूल केला. वकिलाने त्याला तसं सुचवलं होतं, म्हणजे लवकर सुटशील. हे ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटलं. म्हटलं, त्यानेच कबूल केलं, आता माझ्या वाक्याचं काही राहिलं नाही. दंड भरून तो सुटला, पण त्याचा तांडेलाचा परवाना गेला. तो गोव्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला, बायकोला घेऊन तिकडेच राहू लागला.

कबुलीने धाकट्याची उरलीसुरली शंकाही संपली.

पुढच्या वर्षी श्रावणात म्हातारी गेली. तापाचं निमित्त झालं. थोरला गोव्याहून येईपर्यंत तिला अंगणात आणून ठेवली होती. आम्ही शेजारचे सगळे होतो. मी आणि भाऊ कुंपणाकडे उभे होतो. तो आला, सरळ आईच्या पायाशी गेला आणि वाकला. धाकटा कुबडीवर उभा होता. तो म्हणाला, "ह्येचो हात आवशीक लागूक नको."

कोणीतरी म्हातारा मध्ये पडला, अरे, अग्नी थोरल्याने द्यायचा असतो.

"माझो पाय खाल्ल्यान तेनी," धाकटा म्हणाला. "वरसून खोटा बोललो. आवस ह्याच दुःखान गेली. तो हात लावतलो तर मी हयसून हलूचंय नाय."

वाडीतले जाणते बाजूला जाऊन बोलले. ऊन चढत होतं. शेवटी धाकट्यानेच अग्नी द्यायचा ठरलं. थोरला तिरडीमागून, सगळ्यांच्या मागून, चालत गेला. स्मशानात बायका जात नाहीत, त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही. भाऊ संध्याकाळी जेवला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तो लांब सुरूच्या झाडाकडे उभो होतो. पावस इलो तरी हललो नाय."

"आपण सांगायला हवं," मी म्हटलं.

"काय सांगतलंस? तू खोटा काय लिवलंस? काय्येक नाय."

ते खरं होतं, आणि त्याच दिवशी मला ते असह्य झालं.

मी मालवणला गेले. तो हवालदार बदलून गेला होता. नवा म्हणाला, प्रकरण निकाली निघालंय, आरोपीने कबुली दिलीय, आता काय दुरुस्त करणार? मग मी ओरोसला गेले, परवाना जिथून रद्द झाला होता त्या कार्यालयात. एसटीने दोन बस बदलून. सोबत एका कागदावर मूळ फ्रेंच वाक्य, माझं जुनं भाषांतर आणि नवं भाषांतर, तिन्ही शेजारी शेजारी. नव्यात लिहिलं होतं: 'माझ्या पतीने स्वतः इंजिन सुरू करताना होडीवाल्यास सावध केले.'

तिथले साहेब तरुण होते, अदबीने बोलले. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मॅडम, तुमचं आधीचं भाषांतर चुकीचं आहे का?"

"चुकीचं नाही. अपुरं आहे."

"पण ह्यातून नवा अर्थ निघतो तसा जुन्यातूनही निघतोच की. 'पतीने सुरू करताना' असंही वाचता येतं. मग दुरुस्ती कसली म्हणायची?"

"लोकांनी तसं वाचलं नाही ना," मी म्हटलं.

"मग ती वाचणाऱ्याची चूक," ते म्हणाले. "आणि त्यावेळी तुम्ही तिथे होतात. तुम्हाला कोणी विचारलं नाही का?"

मी त्यांना खरं सांगितलं. विचारलं होतं, आणि मी उत्तर टाळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. नंतर म्हणाले, अर्ज आवक-जावकमध्ये देऊन जा. मी दिला. त्याला उत्तर आलं नाही, आणि का आलं नाही ते मी विचारायला गेले नाही.

राहिला धाकटा. त्याच्याकडे जायला मी ओरोसहून आल्यावर आणखी दीड महिना लावला. तो ओटीवर बसून जाळं दुरुस्त करत होता. नवा पाय भिंतीला टेकवून ठेवला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कागदातलं वाक्य, बदामाखालचं बोलणं, हवालदाराचा प्रश्न, त्याची आई कागद घेऊन आली होती तेही.

त्याचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्याने दोरा दाताने तोडला.

"ह्या माका आता कशाक सांगतास, टीचर?" तो म्हणाला. "तुमका हलक्या वाटाचा म्हणान?"

मी ओटीच्या कडेला टेकले.

"आवशीच्या मैताक मी तेका हात लावूक दिलंय नाय. सगळ्या वाडीसमोर. आता तुमी म्हणतास, तेणा काय केल्यान नाय. मग मी काय करू? तेच्या पायार डोक्या ठेवूक जाव? खंयच्या पायान जाव?"

"तू फोन कर त्याला," मी म्हटलं. "मी बोलते हवं तर."

"नको." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "माका कळला म्हणान तेका सांगू नकात. तेका कळला तर तो येतलो. माका ठाऊक आसा, तो धावत येतलो. आणि माका तेच्या तोंडाकडे बगूक जमाचा नाय." त्याने पुन्हा सुई हातात घेतली. "तुमी गावाक फ्रेंच शिकवलास, टीचर. जावा आता."

मी भावाचा होमस्टे सोडला. आता जामसंड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. गोव्यातल्या हॉटेलांत नोकरी करू पाहणाऱ्या दोघी मुली माझ्याकडे फ्रेंच शिकायला येतात. भाऊ नाताळला केक आणि नेवऱ्या घेऊन येतो. आम्ही हवापाण्याचं बोलतो. त्याच्याकडे नवा तांडेल आहे आणि पाहुण्याला इंजिनाजवळ बसू न देण्याची पाटी आहे, असं तो सांगतो.

थोरल्याचा नंबर मी मिळवला, पण फोन केला तो गेल्या महिन्यात. वय झालं, आणि रक्तदाबाने एकदा पडले, म्हणून केला. तो तेव्हा जेटीवर होता. मागे बर्फाची मशीन चालू होती, म्हणून तो मोठ्याने बोलत होता. मी सगळं सांगितलं. धाकट्याला सांगितल्याचं तेवढं सांगितलं नाही.

"माका ठाऊक होता, टीचर," तो म्हणाला. "तुमका ती भाषा येता. तुमी कसा चुकतलास?"

"मग तू का नाही आलास माझ्याकडे?"

"येवन काय करूचा होता? तुमी सांगणार असतास तर तेव्हाच सांगलास असतास." मागचा मशीनचा आवाज कमी झाला; तो लांब आला असावा. "आणि वकिलाक मी म्हटलंय, कबूल करतंय. दोरी मी ओढूक नाय, पण भाव पाण्यात असताना मशीन त्या माणसाच्या हवाली करून नाळीवर मीच गेलंय मा? तुमच्या भावान सांगल्यान होता, पावण्यांका नाय म्हणू नको. पण तांडेल मी होतंय."

मी फक्त म्हटलं, "माझी चूक झाली रे."

"व्हय," तो म्हणाला. "झाली."

मग त्याने विचारलं, "धाकट्याक सांगलास काय ह्या?"

मी धाकट्याला शब्द दिला नव्हता. त्याने मागितला होता, मी मान हलवली होती की नाही तेही मला आठवत नाही. मी 'हो' म्हटलं असतं तर थोरला त्याच दुपारी देवबागच्या वाटेला लागला असता. कदाचित त्याने जायलाच हवं होतं. कदाचित धाकट्याने त्याच्या तोंडावर दार लावलं असतं. मला ठरवता आलं नाही, आणि जेव्हा मला ठरवता येत नाही तेव्हा मी काय करते, ते आता मला माहीत झालं आहे.

"नाय," मी म्हटलं.

"बरा," तो म्हणाला. त्याचा श्वास ऐकू आला. "तो चलता मा नीट? पाय कसो आसा?"

मी सांगितलं की जेटीपर्यंत कुबडीशिवाय जातो, पण नवा पाय घासतो म्हणून बरेचदा काढून ठेवतो. त्याने ते दोनदा विचारून घेतलं, कुठे घासतो, वर की खाली. मला माहीत नव्हतं. कोणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, माल उतरवूचो आसा, ठेवतंय, आणि फोन बंद झाला.